भोकराचं सातवं पान

२० जुलै, रविवार

नऊ दिवस वही उघडली न्हाई. पेन हरवल्ता म्हणून न्हाई, पेन खिशातच होता. लिहायला बसलो की उठायचो. कधी विहिरीवर, कधी थेट हसनाबादच्या स्टँडवर — चहा प्यायचा, जीपवाल्यांची नंबरावरून चाललेली भांडणं ऐकायची, परत यायचं. लिहिलं की ते झालं असं ठरतं. न लिहिता भागतंय का बघत होतो.

न्हाई भागत.

तर, अकरा तारखेला, शुक्रवारी, मी चाचांचं रान साफ करून घेतलं.

बस. एवढ्याला नऊ दिवस!

२१ जुलै

कालचं परत वाचलं. आमच्या वाटूरला कुणालाही हे दाखवलं तर म्हणेल, मंग? चांगलंच केलं की! आबा तर पाठ थोपटतील. आजपर्यंत कधी थोपटली न्हाई.

म्हणून पहिल्यापासून लिहितो.

हे साडेतीन एकर ख्वाजामियाँचाचांचं. पन्नास वर्षं त्यांनी इथं कापूस केला, मधी मधी तूर, ज्वारी. तीन वर्षांमागं नांगर बंद केला. "पचास साल इसको नंगा रखा मैं. अब कपडे पहनाता." चाची वारल्या म्हणून म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला असं लोक म्हणाले. चाचांनी इथलीच झाडं आणून लावली — पळस, हिवर, आपटा, करंज, कडुनिंब. एकेकाला एकेक काठी रोवली. पण काठीच्या झाडांत त्यांचा जीव कमी. आपोआप उगवलेल्यात जास्त. पाखरानं टाकलेलं, वाऱ्यानं आणलेलं, शेळीच्या लेंडीतून आलेलं. म्हणायचे, "मैं लगाया वो बाग. खुद से आया वो जंगल."

मी पण खुद से आलेलाच. मागच्या मे महिन्यात बोअरच्या गाडीवरचं काम सोडून जाफराबादला निघाल्तो. त्याच्या आधी लग्नाच्या बँडमागं डोक्यावर लाईट धरायचो, त्याच्या आधी सुरतेत साड्यांच्या घड्या. घड्या घालायला मला आवडायच्या, पण मुकादम... जाऊ द्या, हे कुठं चाललो मी. जीप पंक्चर झाली. खाली उतरलो तर एक म्हातारा, जाड चष्मा, तांब्यानं एका काटेरी रोपाला पाणी घालून राह्यला. बोर होतं! मी म्हणलं, चाचा, बोर आहे ते, उपटून टाकत असतेत. म्हणाले, "उपाडने वाले बहोत हैं. तू पानी ला."

पंक्चर निघालं, जीप गेली. मी पाणी आणत होतो.

चौदा महिने झाले. इतका एका जागी मी कधीच राह्यलो न्हाई.

२२ जुलै

चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वर्षभरात तर पार अंधूक झालं. रान ते पावलांनी बघायचे. कवाडापासून बांधानं एकशे बारा पावलं, मंग डाव्या हाताला वीस — तिथं भोकर. वीतभर रोप. पानं बोटांनी मोजायचे, तसबीचे मणी सरकवावेत तशी. एक, दो, तीन. शेवटच्या पानावर बोट थोडं जास्त थांबायचं.

तिथं बांधावर पूर्वी मोठं भोकर होतं. चाची त्याच्या फळांचं लोणचं घालायच्या, अर्ध्या गावाला वाटायच्या. मंग बैल जाऊन ट्रॅक्टर आला अन् वळताना फांद्या आड यायला लागल्या. चाचांनी स्वतः कुऱ्हाड चालवली. चाची आठ दिवस बोलल्या न्हाईत. त्यानंतर कशाचंच लोणचं घातलं न्हाई त्यांनी, मरेपर्यंत. हे चाचांनी मला एकदाच सांगितलं, हातातल्या विडीकडं बघत. अन् आता पंचवीस वर्षांनी त्याच बांधाच्या आत हे रोप आपोआप आलं. कुठल्या पाखराच्या पोटातून, काय माहीत. चाचा त्याच्याशी बोलायचे. काय ते मी ऐकलं न्हाई, लांब उभा राहायचो.

पाच जुलैला इजहारभाई त्यांना ऑपरेशनसाठी जालन्याला घेऊन गेले. इजहारभाई चाचांचा मुलगा, तिथं बॅटऱ्यांचं दुकान आहे. माणूस वाईट न्हाई. रान धर्मराजला बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला, द्यावं एवढंच त्यांचं म्हणणं. धर्मराजचं रान आमच्या बांधाला लागून. तीन वर्षं बापलेकात हेच चाललंय. त्या दिवशी गाडीत बसायच्या आधी इजहारभाई कवाडात थांबले.

"अब्बा, डोळे उघडले की स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जंगल दिसलं तर मी परत नाव काढत न्हाई. पडीक रान दिसलं तर पोळ्यानंतर नांगर. तुम बोलेंगे वो. मंजूर?"

"मंजूर," चाचा म्हणाले.

मंग चाचांनी मला बाजूला घेतलं. "कुछ नक्को कर. समझा? काठी के झाडों को पानी, जनावर आया तो हकाल. बाकी कुछ नक्को. और वो भोकर संभाल."

काही करू नको — हे काम मला दिलं. मला! ज्याला जेवताना पण एका जागी बसवत न्हाई.

२४ जुलै

अकरा तारीख लिहायचीच आज.

पाच दिवस काही केलं न्हाई. धर्मराज बांधावरून रोज टोचायचा. "काय कल्याण, कुठं हाईस? गवतात दिसूनच न्हाई राह्यला." सहाव्या दिवशी म्हणाला, "म्हाताऱ्याचं सोड. तू तर कास्तकाराचं पोरगं ना? लाज न्हाई वाटत?"

ते लागलं. खरंच कमरेएवढं तण होतं. आमच्या घरचं रान असं असतं तर आबा चावडीवर बसले नसते. तण दिसलं की मान खाली जाते, हे आमच्यात कुणी शिकवावं लागत न्हाई.

त्याच सकाळी उषामावशी पाच बायका घेऊन धर्मराजच्या निंदणीला आल्ती. त्याच्या खालच्या अंगाला पाणी साचलं, काम होईना. बायका आमच्या बांधावर बसल्या. मावशी म्हणाली, "काय रे लेकरा, किती घाण ही! आलोच आहोत तर काढून देऊ का?"

मी हो म्हणलो. खालचं अर्धं रान. "काठीची झाडं तेवढी सोडा, बाकी गवत काढा." एवढंच बोललो. आपोआप आलेली रोपं एकेक दाखवायची असं मनात होतं. पहिलं भोकर. मावशीला घेऊन तिकडं निघालो पण होतो. तेवढ्यात धर्मराज गाडी फिरवून आला — "अरे चल लवकर, विहिरीत रोही पडलाय! माणसं कमी पडून राह्यली!"

गेलो.

दोर, बाज, आरडाओरडा. दोन तास लागले. रोह्याचे, म्हणजे नीलगायीचे, डोळे कसले असतेत! काळे, ओले, माणसासारखे न्हाईतच. वर आल्यावर नुसता थरथरत उभा राह्यला, अन् मंग एका उडीत मक्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी भजी आणली. वन खात्याचा माणूस आला, त्यानं नावं लिहून घेतली, माझं पण. मी बाजेजवळ उभं राहून फोटो काढून घेतला.

चार वाजता परत आलो. बायका हातपाय धूत होत्या. मावशी कमरेवर हात ठेवून उभी, घामानं भिजलेली, खूश. "बघ! आरशासारखं केलं का न्हाई?"

केल्तं. तिच्यासारखी निंदणी ह्या भागात कुणी करत न्हाई. काठीची झाडं ओळीत उभी अन् मधी नुसती काळी माती. बोर न्हाई, हिवर न्हाई, तरवड न्हाई, पळसाची रोपं न्हाईत. शाबासकीसाठी माझ्या तोंडाकडं बघत होती ती. मी म्हणलं, एक नंबर मावशी.

मंग कवाडापासून चाललो. एकशे बारा अन् वीस.

तीनदा मोजली.

२५ जुलै

भोकर मला तेरा तारखेला तणाच्या ढिगात सापडलं. मुळासकट. सहा पानं. वही न उघडता तिच्या मागच्या पुठ्ठ्याआड सरकवलं, वाळायला.

वही का उघडवत नव्हती ते आता लिहून झालं.

२७ जुलै, रविवार

चाचांचा फोन रोज असरच्या, संध्याकाळच्या, नमाजनंतर येतो. सलमाभाभी लावून देतात, इजहारभाईंची बायको.

"बोल, आज क्या देखा?"

हा रोजचा सवाल. ऑपरेशननंतर चाळीस दिवस त्यांनी धुळीत जायचं न्हाई असं घरातले म्हणतात, म्हणून फोनवर. मी सांगतो. वरच्या अंगाला तितर आहे. मुंगसाची जोडी बांधाखालून निघाली. करंजाला नवी पालवी आली. हे सगळं खरं.

"भोकर को कितने पत्ते?"

सहा, मी म्हणायचो. बारा तारखेपासून रोज सहा. परवा चाचा म्हणाले, "इतने दिन से छे के छे? बढता नहीं क्या रे?" माझ्या तोंडातून निघून गेलं — सात झाले चाचा, आजच.

केवढ्यांदा हसले! "सात! सलमा, सुन, सात हुए!" आतून भाभींचा आवाज — मुबारक हो.

आज विचारलं, सातवं कसं आहे. मी म्हणलं बारीक आहे, नखाएवढं, फिकट हिरवं, अजून पुरतं उघडलं न्हाई.

ते पान मला दिसून राह्यलं होतं बोलताना. खोटं इतकं दिसतं हे माहीत नव्हतं.

शेवटी भाभी फोनवर आल्या. "उनको बारीक बारीक सब बताया कर कल्याण. सुनके खाना खाते."

२९ जुलै, मंगळवार

जाफराबादला गेल्तो. ठरवून गेलो — भोकर आणायचं, त्याच जागी लावायचं. चाचांना डोळ्यांनी ते कधी दिसलंच न्हाई, बोटांनाच माहीत.

रोपवाटिकेतला माणूस हसायलाच लागला. "भोकर? कोण लावतं आता भोकर? गुलमोहर ने, अशोक ने. शोचं पाहिजे तर शोचं ने." बाजारात एका बाईकडं विचारलं, ती लोणचंवाली होती, ती म्हणाली मी पण बाहेरूनच आणते फळं. मंग एका ठिकाणी कुस्त्यांचं बोर्ड रंगवून राह्यले होते, ते बघत उभा राह्यलो, तासभर गेला. तिथल्याच रंगाऱ्यानं सांगितलं, नदीच्या काठाला आहेत की दोन-तीन.

होती. मोठ्या झाडाखाली एक रोप हाताएवढं. पहारीनं काढलं. सोटमूळ तुटलं — कट्‌ असा आवाज आला, मला कळलं. तरी गोणपाटात बांधून घेतलं. जीपमधे मांडीवर धरून बसलो. शेजारची म्हातारी म्हणाली, "कशाचं औषध रे?" मी म्हणलं, असंच.

३० जुलै

सकाळी रोप घेऊन गेलो. एकशे बारा, मंग वीस. अठराव्या पावलाला डोक्यावर टिटवी! नुसती चिरकत अंगावर येऊन राह्यली. वाकून बघितलं तर उघड्या मातीत चार अंडी. काडी न्हाई, गवत न्हाई, नुसता खळगा, मातीच्याच रंगाची अंडी. पाय पडलाच असता. भोकराच्या जागेपासून दोन हात.

टिटवी मोकळं रान बघून बसते. रान मोकळं कुणी केलं? मी.

आता तिथं खांदता येत न्हाई, पाणी घालता येत न्हाई, जाताच येत न्हाई. उभा राह्यलो थोडा वेळ रोप हातात धरून. मंग बांधाआडून परत आलो.

कुछ नक्को कर.

२ ऑगस्ट

नदीचं रोप वाळलं. झोपडीमागं लावल्तं, सावलीत. तिसऱ्या दिवशी पानं लोंबली, आज काडी.

फोनवर आठ सांगितली.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज निघाल्तो.

पिशवीत दोन शर्ट, चार्जर, ही वही. स्टँडवर उभा होतो साडेचारपासून. हे मला येतं. सुरत असंच सोडलं, बँड असाच सोडला, बोअरची गाडी तर चालू असताना सोडली. काहीतरी बिघडतं अन् मी निघतो, मंग ते मागं राहतं. चाचा येतील, बघतील, कल्याण कुठं गेला विचारतील, धर्मराज म्हणेल, ते पोरगं? ते तसलंच होतं.

जीप लागली. "जालना, जालना." पाय टाकला अन् फोन वाजला.

"बोल, आज क्या देखा?"

आज काहीच बघितलं नव्हतं. दिवसभर पिशवी भरत न् उपसत होतो. खोटं सांगायलाही काही सुचेना. जीपवाला म्हणे, बस ना भाऊ. चाचा म्हणे, "अरे बोल ना रे."

मी म्हणलं, चाचा, थांबा, बघून सांगतो. तासाभरानं लावा.

"बघून सांग," ते म्हणाले. मराठीत. ते माझ्याशी मराठी फार कमी बोलतात.

परत चालत आलो. उजेड होता अजून. बांधावरूनच बघितलं, टिटवी भडकू नये म्हणून. काळ्या मातीत एका ठिकाणी लालसर काहीतरी. मंग दुसरीकडं. पळसाचे धुमारे! निंदलेल्या जागी, जमिनीखालून!

फोन आला. मी सांगितलं, पळस फुटलाय चाचा.

"वो तो फूटेगा," ते म्हणाले. "भोकर?"

मी म्हणलं, त्या बाजूला टिटवीनं अंडी घातलीत, जाता येत न्हाई. हे खरं होतं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा खरं बोलताना घाम फुटला.

९ ऑगस्ट

आबांना फोन केला. आठ महिन्यांनी. उचलला. मंग मी विचारलं, आबा, पळस खुरप्यानं काढला तर परत येतो का?

"कुठं हाईस तू?"

"रानात. सांगा ना, येतो का?"

"अरे, माझी उमर गेली त्याला मारण्यात! वीस वर्षं खांदून काढला त्या वरच्या तुकड्यात. पळस न्हाई मरत, बोर न्हाई मरत, हिवर न्हाई मरत. मूळ कुठवर गेलेलं असतंय तुला काय माहीत. वरून किती बी साफ कर, खाली ते बसलेलंच असतंय." अन् मंग — "कामून इचारतो? कुणाचं रान साफ करून राह्यला?"

मी म्हणलं, केलं. आता ते परत यावं म्हणून बसलोय.

आबा म्हणाले, "जेवलास का?"

भोकराचं विचारलं न्हाई. ते तर मुळासकट आलेलं.

१४ ऑगस्ट

एकतीस. पळस सतरा, बोर नऊ, हिवर चार, अन् एक तरवड. बांधावरून दिसले तेवढे.

लांबून बघितलं तर काहीच न्हाई. काळं रान अन् थोडे लाल ठिपके. चाचांना आधीचं माहीत आहे म्हणून त्यांना कळेल. पण नव्या डोळ्यांनी पहिल्यांदा बघणाराला? वरच्या अर्ध्यात झाडी आहे, पक्षी आहेत, तिथं थोडं अंधारल्यासारखं होतं दुपारी पण. खालचं अर्धं म्हणजे धर्मराजच्या रानाचाच तुकडा. सरळ नांगर घाला अन् हरभरा पेरा!

१५ ऑगस्ट

फोनवर म्हणलं, चाचा, आता साफ दिसत असेल ना सगळं?

"हाँ हाँ. पट्टी निकली. बस धूल का परहेज. तू बोल."

सांगायचं होतं. तोंडाशी आल्तं. मंग त्यांनी विचारलं टिटवी कुठल्या पायावर उभी राहते, अन् अर्धा तास आम्ही टिटवीवरच बोललो. 

२० ऑगस्ट

टिटवीची पिल्लं निघाली. तीन. चौथं अंडं तसंच राह्यलं. पिल्लं दिवसभरात चालायला लागली अन् आईमागं करंजांकडं गेली. मी वही टाकून तिकडंच बघत बसलो, भाकरी करपली.

आता तिथं जाता येतं. गेलो. दोन हातावर भोकराची जागा. बसून माती उकरून बघितली, बोटांनी. एखादी मुळी राह्यली असेल म्हणून.

न्हाई.

२२ ऑगस्ट, पोळा

सकाळीच उषामावशी आली. पोळ्याला दाराशी पळसाची डहाळी लागते, ती मागायला. म्हणाली, "आधी पार डोंगराकडं जावं लागायचं. आता म्हाताऱ्याची मेहेरबानी." वरच्या अंगाच्या पळसाच्या चार डहाळ्या दिल्या. तिच्यामागं आणखी सात-आठ जण आले. धर्मराज पण आला, बैलाच्या झुली खांद्यावर, इकडं तिकडं बघत. "एक डहाळी दे बाबा." दिली. झुली सावरत गेला.

बाकी गेल्यावर मावशीला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी तोंडानं सांगितलं.

ती खाली बसली. "अगं बाई. ते गोल पानाचं? माझ्याच हातानं निघालं रे ते. मला वाटलंच, भोकर दिसतंय. म्हणलं ह्यांना नको असंल." मंग चिडली. "तुला तोंड होतं का न्हाई? आम्ही काय आंधळ्या होतो? एक शब्द सांगितला असता तर त्याला हात लावला असता का कुणी?"

मी म्हणलं, रोही बघायला गेल्तो.

"रोही!" एवढंच म्हणाली. तो शब्द असा कधी ऐकला नव्हता.

जाताना कवाडात थांबली. "रविवारी म्हातारा येतोय ना, तेव्हा मी येते. मीच सांगते, आम्हीच न विचारता काढलं म्हणून. म्हातारा बायामाणसाला काही बोलायचा न्हाई."

मी न्हाई म्हणलं. दोनदा म्हणावं लागलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

उद्या येतात. चाचा अन् इजहारभाई. इजहारभाईंचा मेसेज आला, सकाळी दहा. दोन दिवस झाले चाचांचा फोन न्हाई.

काय बोलायचं ते चालता चालता म्हणून बघितलं. कवाडापासून सुरू केलं तर एकशे बारा पावलांत सगळं सांगून होतं. बाकीची वीस गप्प चालायची.

पिशवी रिकामी केली. शर्ट धुतले, वाळत घातले. उद्या ते काही पण म्हणोत, वाळल्याशिवाय घालता येत न्हाईत.

२४ ऑगस्ट, रविवार

नवालाच गाडी आली. इजहारभाई एकटेच उतरले. हातात चाचांची काठी.

मोतीबिंदू काढला, त्याच्यामागं काचबिंदू निघाला, दोन्हीकडं. नस वाळून गेलेली. आता दिसणार न्हाई. डॉक्टरनं नऊ जुलैलाच सांगितल्तं, चाचांनी कुणाला बोलू दिलं न्हाई.

नऊ जुलै.

इजहारभाई आत आले न्हाईत, कवाडातच थांबलेत. म्हणाले, "अब्बा बोले, मैं रोज उसकी आँखों से देखता. कल्याण जे सांगेल ते. जंगल तर जंगल, पडीक तर पडीक. मला पण मंजूर आहे." मी म्हणलं, एक मिनिट.

वहीतून भोकर काढलंय. हे आधी त्यांच्या हातात. मंग खालचं अर्धं दाखवतो, मंग वरचं, अन् मंग चाचांना फोन लावायला सांगतो. पहिलं हेच बोलणार — चाचा, पानं सहाच होती.